स्पेनमधल्या सेगोव्हियात पळायचं, तर आधी खाली उतर

पहिल्याच दिवशी जलसेतूपासून अल्काझार किल्ल्यापर्यंत गावातून पळू नकोस. दगडी फरसबंदी ओली असली की घोटा मुरगळायला वेळ लागत नाही, माझा मुरगळलाय. त्यापेक्षा खाली एरेस्मा नदीकाठी उतर. पार्राल मठाजवळून झाडांच्या सावलीतनं सान मार्कोसच्या कुरणाकडे जा. तिथे मान वर केलीस की किल्ला जहाजाच्या नाळेसारखा अंगावर येतो. थांब, बघ, तेवढ्यात दमही जिरतो. आठवडाभराने पाय सरावले की बाराकोनी व्हेरा क्रूझ चर्चवरून (१२०८ सालचं आहे!) सामार्रामाला गावाचा चढ घे. सेगोव्हिया सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे, तेव्हा घरचा वेग विसर. वर सावली फारशी नाही, उन्हाळ्यात सकाळीच नीघ आणि पाण्याची बाटली हातात ठेव.