‘पोस्टिंग कुठं येईन, मॅडम?’

भरतीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न येत राहतो. हिंगण्याहून येतो, काटोलहून येतो, पारशिवनीहून येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. पोरगं अग्निवीर म्हणून, म्हणजे अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी सैन्यात, निवडलं गेलेलं असतं, पेढे वाटून झालेले असतात आणि रात्री घरात कोणी झोपत नसतं. ‘पोस्टिंग कुठं येईन?’ मग दुसरा प्रश्न, ‘चार वर्षं झाल्यावर काय?’ आणि जाता जाता, दाराशी थांबून, तिसरा: ‘नाहीच जमलं तं वापस येता येते का?’

एका घराच्या निमित्तानं तिन्हींबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील मिसळले आहेत.

मुलाचं वय सतरा वर्षं नऊ महिने. मानकापूरच्या क्रीडा संकुलात पहाटे धावून धावून त्यानं १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणले होते. म्हणजे धावण्याचे ६० पैकी ६० गुण. बीमवर दहा पुलअप मारून उरलेले ४० पण घेतले. लेखी झाली, मेडिकल झालं. अडलं होतं ते एका सहीवर. १८ पूर्ण नसलेल्या मुलाच्या नोंदणीच्या कागदावर आई-वडिलांपैकी कोणाची तरी किंवा पालकाची सही लागते. आई म्हणे, मी करणार नाही. बाप म्हणे, ती हो म्हटल्याशिवाय मी करणार नाही. पोरगं दोघांशीही बोलत नव्हतं.

पहिल्या दिवशी तिघं एका ओळीत बसले. बापानं सुरुवात केली.

“मॅडम, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. ऐंशी हजारात कामठीले लावून देतो म्हणते. हिचं मन मोठं होईन, सही करीन.”

“पैसे दिले?”

“पंधरा दिले.”

इथं समुपदेशन बाजूला ठेवून मी सरळ सांगते आणि तुम्हालाही सांगते: सैन्यातली पोस्टिंग विकत मिळत नाही. जो विकतो तो ठग आहे. आपल्याला जिल्हा परिषदेची बदली माहीत असते, वीज कंपनीची माहीत असते, म्हणून वाटतं की इथंही एखादं टेबल असेल. पायदळात तसं टेबलच नाही. पायदळातल्या जवानाची एकट्याची बदली सहसा होत नाही, त्याची आख्खी पलटण हलते. पलटण दोन-तीन वर्षं फील्डमध्ये म्हणजे सीमेवर किंवा अशांत भागात असते, मग पीसमध्ये म्हणजे एखाद्या छावणीच्या गावात येते. नवा जवान जाईल तेव्हा पलटण जिथं असेल तिथं तो जाणार. सिग्नल्स (संदेशवहन), ईएमई (वाहनं-यंत्रांची दुरुस्ती) अशा शाखांत माणसागणिक बदल्या होतात, पण त्याही रेकॉर्ड ऑफिस गरज बघून करतं. शिवाय अग्निपथच्या अटींतच लिहिलं आहे की संघटनेच्या गरजेप्रमाणे कुठल्याही रेजिमेंटमध्ये, कुठल्याही युनिटमध्ये, कुठल्याही कामावर पाठवता येईल. कामही तसंच. जनरल ड्युटी म्हणजे रोज बंदूक नव्हे. संतरी ड्युटी असते, फटीक म्हणजे साफसफाई-ओझ्याची कामं असतात, लंगरला म्हणजे स्वयंपाकघरात मदत असते, स्टोअरचं सामान उतरवायचं असतं. पोरं घरी हे सांगत नाहीत, कारण त्यांनाही तोवर ठाऊक नसतं.

बाप गप्प झाला. पंधरा हजार गेल्याचं त्याला तिथंच कळलं.

आईला मात्र यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ती ‘कामठी’ या शब्दाशीच थांबली होती. दुसऱ्या भेटीत तिला एकटीला बोलावलं.

“कामठीच काहून?”

“जवळ आहे ना जी. रविवारी येत जाईन घरी.”

“कामठीला गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर आहे. समजा त्याला तेच मिळालं. तुमच्या घरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. पायदळाचं ट्रेनिंग साधारण सात महिन्यांचं. सुरुवातीचे आठवडे त्याला गेटच्या बाहेर चहालाही सोडणार नाहीत. फोनसुद्धा बहुतेक सेंटरांत जमा करून घेतात, ठरलेल्या वेळेला देतात. तुम्ही ऑटोनं जाऊन गेटपर्यंत पोचाल. तो आत, तुम्ही बाहेर. आणि शपथ झाली की सेंटर सुटलंच, पलटणीत जायचं.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे कामठीले असला काय अन् काश्मीरले असला काय...”

“पहिलं वर्ष तरी सारखंच.”

“मग किती दिवस दिसन तो मले?”

हा प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला होता आणि मी त्याचीच वाट बघत होते. मी माणसांच्या वाक्यांवर काम करते, बालपणात फार खोल उतरत नाही. काही सहकाऱ्यांना हे वरवरचं वाटतं, वाटू दे. ‘कुठं’ या प्रश्नाला तिच्या हातात येईल असं उत्तरच नव्हतं. ‘किती दिवस’ याला आकडा होता. वर्षाला ३० दिवसांची रजा. तीही पलटणीची गरज बघून मिळते, दिवाळीलाच मिळेल असं नाही, पण आहे. पर्समधून तिनं वीजबिल काढलं, त्याच्या पाठीवर मांडलं: तीस गुणिले चार. एकशेवीस.

त्या आकड्याकडे ती बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. मी काहीही बोलले नाही. ‘१२० दिवस काही कमी नसतात’ असं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, ते गिळलं. तेवढ्यात तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली.

“मोठी लेक पुण्याले दिली. तिलेही चार वर्षं झाले. पहिल्या दिवाळीले आठ दिवस राहिली. मग बाळंतपणाले... नाही, ते सासूनं तिकडंच केलं. मग चार दिवस. मग भावाच्या साक्षगंधाले तीन...” तिची बोटं थांबली. “तीस दिवसही नाही भरत जी. हा तं तिच्यापेक्षा चौपट राहीन!”

आणि ती हसली. हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. लेकीला निरोप देताना तिनं सही मागितली नव्हती, कोणी तिला मागू दिली नव्हती. आज पहिल्यांदा कोणीतरी तिची परवानगी मागत होतं आणि तो मान तिला सोडवत नव्हता. हे तिला मी सांगितलं नाही. हिशेब माझा होता, तुलना तिची होती आणि ती तुलना मला वर्षभर सुचली नसती. गप्प बसले तेवढं श्रेय मात्र मी घेते. गप्प बसायला शिकायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

सही होण्याआधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिघांना एकत्र दिलं. आपल्याकडे सक्तीची लष्करी सेवा नाही. सिंगापूरला पोरांना दोन वर्षं द्यावीच लागतात, दक्षिण कोरियाच्या भूदलात दीड वर्ष. आपल्याकडे सहीपर्यंत मर्जी आणि सहीनंतर बंधन. चार वर्षांच्या आत स्वतःच्या इच्छेनं बाहेर पडता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल आणि सक्षम अधिकाऱ्यानं मंजुरी दिली तरच सुटका. आणि तसं सुटलं तर सेवा निधीतला, म्हणजे दर महिन्याच्या पगारातून कापून साठवलेल्या आणि सरकारनं भर घातलेल्या रकमेतला, स्वतःचा वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही. म्हणून ‘जाऊन तर पाहू’ म्हणून पाठवू नका. घरात जो वाद घालायचा तो सहीच्या आधी घाला.

पोरगं एकटं आलं तेव्हा वेगळाच मुलगा बसला होता. ताठ, मोजकं बोलणारा.

“आई-बाबाले उगाच टेन्शन आहे. चार वर्षांनी कायम करतात त्या पंचवीस टक्क्यात मी येईनच.”

“नाही आलास तर?”

“येईनच, मॅडम.”

“तुझ्या वाक्यातला शेवटचा ‘च’ काढ आणि पुन्हा म्हण.”

त्याला आधी गंमत वाटली. मग जमेना. तीन वेळा प्रयत्न करून म्हणाला, “पंचवीस टक्क्यात यायची माझी इच्छा आहे.”

“आता पुढे बोल.”

“नाही आलो तं... बावीसचा असन मी. पोलीस भरतीले खुल्या गटात अठ्ठावीसपर्यंत वय चालते.”

मराठीतला हा ‘च’ मी रोज पकडते. तो निघाला की माणूस पुढचं वाक्य बोलायला मोकळा होतो. जिद्द ठेवायची नाही, असं नव्हे. उलट ज्याला पडायची परवानगी असते तो जास्त नीट धावतो.

आकडा मात्र नीट वाचायचा. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली तेव्हापासून शब्द आहेत ‘२५ टक्क्यांपर्यंत’. चौघांतला फार तर एक कायम होणार. मग तयारी कोणासाठी करायची? उरलेल्या तिघांसाठी. कायम होणाऱ्याला पुढचा रस्ता सैन्यच दाखवतं. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, बाहेर पडल्यावर कॅन्टीनचं कार्डही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं आणि आसाम रायफल्समध्ये १० टक्के जागा राखून ठेवायची घोषणा २०२२ मध्येच झाली, वयातही सवलत आहे. पण राखीव जागा म्हणजे हातात नेमणूकपत्र नव्हे. म्हणून तिसऱ्या वर्षापासून अभ्यासाचं पुस्तक पेटीत हवं. दहावीवर गेलेल्याला बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळायची सोय आहे. बारावी झालेल्यासाठी इग्नूची पदवी आहे, तिच्यात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. पोरं हा फॉर्म भरायचा विसरतात, कारण कोणी आठवण करून देत नाही. ते काम घरच्यांचं.

आता पैसा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले २१,००० हातात आणि ९,००० सेवा निधीत. दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००; दर वेळी ३० टक्के निधीत. मुलाचे ५.०२ लाख होतात, तेवढेच सरकार घालतं, व्याज धरून साधारण ११.७१ लाख, आयकर नाही. या घरात त्या ११.७१ लाखांचं वाटप आधीच झालेलं होतं: धाकट्या बहिणीचं लग्न, शेतातली बोअरवेल आणि काकानं बघून ठेवलेला बेसा रोडवरचा प्लॉट. जो पैसा चार वर्षांनी येणार त्यावर आधीच तीन कामांची नावं. पोराला हे ठाऊक होतं. त्याचा ताठपणा निम्मा तिथून आला होता.

मी बापाला म्हटलं, हा पैसा त्याचा पुढचा पगार आहे, एकदम दिलेला. बाहेर पडल्यावर नोकरी लागेपर्यंत वर्ष-दीड वर्ष तो यावरच जगणार. हातातल्या २१,००० मधून घरी काही पाठवू दे, खाणं-राहणं-गणवेश तिकडे होतं. पण पहिल्या सुट्टीत हप्त्यावर बाईक घेऊ देऊ नका. दर वर्षी चौकात तीच बाईक बघते मी.

ट्रेनिंगच्या पहिल्या दोन महिन्यांबद्दल थोडं, कारण बिघडतं ते तिथं. नागपूरच्या पोराला हिंदी अडत नाही; अडते ती उलट बोलायची सवय. उस्तादला, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्याला, ‘पण’ म्हटलं की रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं, पण घरी कोणी रागावून न बोललेल्या पोराला ते फार लागतं. दुसरी गोष्ट नडगीची. सिमेंटच्या रस्त्यावर धावून आलेली पोरं बुटात ड्रिल करायला लागली की नडगी दुखते. सुट्टी पडली तर मागच्या बॅचमध्ये ढकलतील या भीतीनं पोरगं लपवतं, हाडाला बारीक चीर जाते आणि मग सहा-आठ आठवडे जाऊन तो मागच्या बॅचमध्ये जातोच. दुखायला लागल्या दिवशी एमआय रूमला, म्हणजे सैन्याच्या दवाखान्यात, जा, हे वाक्य त्याच्याकडून पाठ करून घ्या. निघायच्या आधीचे दोन महिने मातीवर धावू द्या. ‘बर्फात मरतीन पोरं’ म्हणणाऱ्या आयांना हेही सांगते: उंचावर एकदम नेत नाहीत. नऊ हजार फुटांच्या वर पहिल्या टप्प्याला सहा दिवस थांबवतात, त्यातले दोन नुसती विश्रांती. मग पुढच्या प्रत्येक टप्प्याला चार-चार दिवस.

फोन पाच मिनिटांचा असतो. त्यात बापाचं बीपी, शेजाऱ्याचं भांडण, विहिरीचं पाणी घालू नका. ‘ये रे बाबा परत’ तर अजिबात नाही. तो येऊ शकत नाही आणि ते वाक्य रात्रभर त्याच्या कानात राहतं. त्याला बोलू द्या. काय जेवला ते विचारा, पोरं त्यावर खूप बोलतात. आणि सुट्टीसाठी ‘आई सिरियस’ असा खोटा निरोप कधीच नको. चौकशी होते, आणि पुढे खरंच कोणी आजारी पडलं तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

सही आईनं केली. बापानं त्या माणसाकडून पंधरातले सहा हजार परत आणले, बाकीच्यांवर पाणी सोडलं.

कामठी मिळालं नाही. ट्रेनिंग संपल्यावर पत्ता आला तो असा: नंबर, नाव, युनिट, केअर ऑफ ९९ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. गावाचं नाव नाही, राज्याचं नाव नाही. ५६ असेल तर साधारण उत्तर-पश्चिमेकडे आणि ९९ असेल तर पूर्वेकडे, एवढंच बाहेरच्याला कळतं, आणि पत्र त्यावर बरोबर पोचतं. आईनं मला फोन केला. तो कागद तिनं मला दोनदा वाचून दाखवला. मग विचारलं, “मॅडम, याची रजा कधीपासून लागू होते?”