प्रश्न तुमचे: गरबा, मॉर्निंग वॉक आणि लो झालेली शुगर

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी 19 वर्षांची, टाइप वन डायबिटीस आहे, जेवणाआधी तीन वेळा आणि रात्री एकदा असं इन्सुलिन घेते. गरब्याचं तिला वेड. गेल्या नवरात्रात ग्राउंडवर काहीच त्रास झाला नाही, पण घरी येऊन झोपली आणि पहाटे घामाने भिजून उठली, शुगर 52. आता सासूबाई म्हणतात यंदा गरबा बंद, आणि पोरगी माझ्याशी बोलत नाहीये. काय करू? – एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: ताई, गरबा बंद करू नका. सासूबाईंना सांगा, वसीम अक्रमला 1997 मध्ये डायबिटीस निघाला आणि इन्सुलिन घेत घेत तो 2003 च्या वर्ल्ड कपपर्यंत खेळला, तुमची मुलगी तर फक्त गरबा म्हणतेय.

पण आधी नेमकं होतं काय ते बघा. तुमच्या-माझ्या शरीरात नाचायला लागलं की इन्सुलिन आपोआप कमी सुटतं. टाइप वनमध्ये शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं, आणि तुमच्या मुलीने आठ वाजता जेवताना जे घेतलं ते धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखं, परत येत नाही, आणि जेवणाच्या इन्सुलिनचा जोर असतो साधारण एक ते दोन तासांनी, म्हणजे बरोबर साडेनऊला ती गोलात शिरते तेव्हा. वरून नाचणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता स्वतःच रक्तातली साखर ओढत असतात. दोन्हीकडून उपसा. म्हणून पहिली गोष्ट, गरब्याच्या दिवशी रात्रीच्या जेवणाचा डोस कमी करावा लागतो, बऱ्याचदा 25 ते 50 टक्के, कधी त्याहून जास्त, पण तिचा आकडा तिच्या डॉक्टरांकडूनच आणि नवरात्राच्या आधीच ठरवून घ्या. पहिल्या रात्री ग्राउंडच्या गेटवरून फोन करू नका, डॉक्टरही गरब्यात असतील.

ग्राउंडवर उतरताना शुगर 126 ते 180 च्या मधे असली तर छान. 90 च्या खाली असेल तर आधी खाऊ दे, मग थोड्या वेळाने परत मोजून आत जाऊ दे. 250 च्या वर असेल आणि किटोनही (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारं आम्ल) असतील तर त्या रात्री नाचणं नाही, हे मात्र पक्कं. मधल्या ब्रेकमधे मोजायचंच, मैत्रिणी सेल्फी काढत असल्या तरी, कारण शुगर लो झाली की घाम येतो, छाती धडधडते, हात थरथरतात, आणि गरबा खेळताना हे सगळं तसंही होतच असतं, कळणार कसं? दीड-दोन तास सलग खेळणार असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जावं लागतं, किती ते डोस किती कमी केलाय त्यावर.

70 च्या खाली गेली की थांबायचं, बसायचं, 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, 15 मिनिटांनी परत मोजायचं, नसेल वाढली तर परत 15 ग्रॅम. पेढा, चॉकलेट, आइस्क्रीम इथे कामाचं नाही, त्यातल्या तुपा-फॅटमुळे साखर रक्तात हळू पोचते. एक युक्ती सांगते, घरच्या काट्यावर ग्लुकोज पावडरच्या 15-15 ग्रॅमच्या पुड्या करून ठेवा आणि चणिया-चोळीला आतून एक खिसा शिवून घ्या. पर्स कुठेतरी खुर्चीवर राहते आणि पोरगी असते गोलाच्या मधोमध! ग्रुपमधल्या दोघींना तरी सगळं माहीत असू द्या, आणि हेही सांगा की ती बेशुद्ध झाली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, 108 ला फोन करायचा. ग्लुकागॉन इंजेक्शन (शुगर पटकन वर आणणारं) ठेवायचं का ते डॉक्टरांना विचारा.

आता रात्रीचं, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे आणि बहुतेक घरांत लोक तिथेच गाफील राहतात. नाचणं संपलं तरी स्नायू आपला रिकामा झालेला साखरेचा साठा भरत बसतात आणि इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त लागू पडतं, हा परिणाम 24 तासांपर्यंत टिकू शकतो. त्यात एक गंमत होते, जोरात गोल फिरल्यावर, उत्साहात, कधी कधी शुगर उलट वाढलेली दिसते, बारा वाजता घरी येऊन मीटरवर 240 दिसतात आणि घाबरून लोक नेहमीचा करेक्शन डोस (वाढलेली शुगर खाली आणायला घेतलेलं जादा इन्सुलिन) घेऊन झोपतात. मग पहाटे ती धाडकन खाली. त्या वेळचं करेक्शन घ्यायचं का आणि किती हेही आधीच विचारून ठेवा. रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन त्या दिवसांत साधारण 20 टक्के कमी करायला अनेक डॉक्टर सांगतात. झोपताना मोजा, दूध-भाकरीसारखं काहीतरी खायला द्या, दोन-तीनच्या सुमारास अलार्म लावून परत मोजा. सेन्सर (अंगावर चिकटवलेलं, सतत शुगर दाखवणारं यंत्र) असेल तर त्याचा अलार्म चालू ठेवा आणि फोन सायलेंटवर नको.

आणि एक, आज शुगर लो झाली की उद्या शरीर इशारे कमी देतं, दमणुकीचाही तसाच परिणाम होतो. म्हणून पाचवी-सहावी रात्र पहिल्या रात्रीपेक्षा जास्त सांभाळायची. शुगर 54 च्या खाली गेली असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतलेली बरी, पास वाया गेला तर जाऊ दे. निरंकार उपास आणि गरबा दोन्ही एकदम तर अजिबातच नको, देवी रागावणार नाही.

प्रश्न: मी 61 वर्षांचा, रिटायर्ड. सकाळी उठल्याबरोबर डायबिटीसची गोळी घेतो (ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, वोग्लिबोज एकत्र असलेली), मग उपाशीपोटी कमाटीबागेत तासभर चालतो, नाश्ता नऊनंतर. हल्ली परतताना हातपाय थरथरतात. खिशातली साखर खाल्ली तरी लवकर बरं वाटत नाही. – एक वाचक, रावपुरा, बडोदा

उत्तर: काका, कारण तुम्ही कंसातच लिहून पाठवलंय. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा लो होत नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो नसो. गोळी घेतली, तासभर चाललात, खाल्लं काहीच नाही, मग थरथरणारच.

आणि साखरेने बरं का वाटत नाही, तर वोग्लिबोजमुळे. ते आतड्यात आपल्या रोजच्या खायच्या साखरेचं विघटन अडवतं, जेवणानंतर शुगर उसळू नये म्हणून, पण मग लो असतानाही साखर तितकीच हळू लागू पडते. तुम्हाला ग्लुकोजच लागेल, ते तसंच्या तसं रक्तात जातं. मेडिकलमधून ग्लुकोज पावडर घ्या, खिशातली साखर चहाला वापरा (म्हणजे नकाच वापरू!). हे चिठ्ठी देताना कोणी सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो.

गोळी नाश्त्यासोबत, चालून आल्यावर घेता येईल का किंवा डोस कमी करता येईल का ते या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर राहतो म्हणून ग्लुकोजने बरं वाटलं तरी लगेच नीट नाश्ता करा, नाहीतर परत खाली येते. थरथर सुरू झाली की बाकावर बसा, उरलेली फेरी पूर्ण करायचा हट्ट नको. ब्लडप्रेशरसाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलोल असं काही चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम मात्र येतो, तेव्हा गार हवेत घाम फुटला तर आधी शुगर बघा.

प्रश्न: जिममधे ट्रेडमिलवर सेन्सर 88 दाखवतो, बोटातून काढली तर 66. खरं कोणाचं? – अलकापुरी

उत्तर: बोटाचं, हात धुऊन काढली असेल तर. सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि व्यायामात शुगर भरभर खाली येत असताना तो काही मिनिटं मागे असतो. 88 आणि सेन्सरवरचा बाण खाली (शुगर उतरतेय) म्हणजे तुमच्यासाठी 70 च्या खालीच समजा, ट्रेडमिल थांबवा, ग्लुकोज घ्या. लो चा अलार्म व्यायामापुरता 100 वर लावून ठेवा. आणि जमलं तर आधी वजनं उचला, मग पळा, असं केल्यावर बऱ्याच जणांची शुगर कमी घसरते.