व्हॉट्सॲपवर आलेला फोटो २० × ३० इंच केला तर फुटेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. पुतण्यानं मोबाइलवर काढलेला त्यांचा फोटो २० × ३० इंचांत करून हॉलमध्ये लावायचाय. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल १२०० × १६०० पिक्सेलची आहे, आणि दुकानदार म्हणतो ‘पिक्सेल फुटतील’. तर कुठल्या सॉफ्टवेअरनं मोठा करू? मी फोटो लॅबमध्ये रोज हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी पुतण्याला फोन लावा आणि मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचं माप कमी करतं आणि वर फाइल दाबतंही. पुतण्याच्या फोनमध्ये तोच फोटो बहुधा १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ३०२४ × ४०३२ च्या आसपास असेल. तुमच्याकडे आहेत त्याच्या सहापटीहून जास्त पिक्सेल! सॉफ्टवेअर जे अंदाजानं भरणार, ते तिथे खरंखुरं टिपलेलं आहे. व्हॉट्सॲपवरूनच पाठवणार असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्यायला सांगा. ‘एचडी’ पर्याय साध्यापेक्षा बरा, पण त्यातही फाइल दाबली जातेच. फोनमधून डिलीट झाला असेल तर त्याच्या गूगल फोटोजमध्ये शोधा. तिथे ‘स्टोरेज सेव्हर’ (जागा वाचवायला फाइल दाबून ठेवणारा पर्याय) चालू असलं तरी १६ मेगापिक्सेलपर्यंतच्या फोटोचं माप तेवढंच राहतं. स्क्रीनशॉट मात्र अजिबात नको.

मूळ फाइल मिळाली असं धरून हिशोब करू. ४०३२ पिक्सेल ३० इंचांवर पसरले की एका इंचात साधारण १३४ येतात. ‘३०० लागतात ना?’ असं तुम्ही म्हणाल, दुकानदारही म्हणेल. ३०० हा आकडा हातात धरून, फूटभर अंतरावरून बघायच्या फोटोसाठी आहे. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक ओळखू शकते, त्यामुळे जितकं लांब उभं राहू तितके कमी पिक्सेल पुरतात. सोपं सूत्र सांगते: ३४३८ ला एका इंचातल्या पिक्सेलच्या संख्येनं भागा. जे उत्तर येईल तितक्या इंचांपलीकडून डोळ्याला पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. १३४ ला हे अंतर येतं साधारण २६ इंच, म्हणजे दोन फुटांच्या जरा वर. हॉलमधल्या भिंतीवरच्या फोटोच्या याहून जवळ फारसं कुणी जात नाही. तुमच्या व्हॉट्सॲपच्या फाइलला हेच अंतर साडेपाच फुटांच्या घरात जातं. म्हणून दुकानदार ‘फुटेल’ म्हणाला, आणि त्या फाइलबद्दल तो खरंच बोलला.

इथेच एक गैरसमज काढून टाकते. फाइलच्या माहितीत ७२ डीपीआय (इंचाला किती ठिपके) लिहिलेलं असतं, ते बदलून ३०० केलं की फोटो सुधारला असं पुष्कळ जण समजतात. पिक्सेल तेवढेच राहिले असतील तर काहीही बदललेलं नसतं. फाइलच्या माहितीत फक्त रुंदी आणि उंचीचे पिक्सेल बघा.

आणखी एक. मोबाइलचा फोटो ३:४ असतो आणि २० × ३० हे माप २:३ आहे, म्हणजे दोन्ही बाजू थोड्या कापल्या जाणार. आई-बाबांच्या कडेला मोकळी जागा नसेल तर १८ × २४ करा. काही कापावं लागत नाही आणि इंचाला १६८ पिक्सेल मिळतात. तुमच्या जागी मी हेच माप घेतलं असतं.

आता सॉफ्टवेअर. साधी बायक्युबिक पद्धत आजूबाजूच्या १६ पिक्सेलवरून नव्या पिक्सेलचा रंग काढते. त्यात नवं काही येत नाही, कडा मात्र गुळगुळीत होतात. फोटोशॉप, गिम्प, सगळीकडे ती आहे. एआयवाली सॉफ्टवेअर असंख्य फोटोंवरून शिकून ‘इथे असं असेल’ असा अंदाज भरतात. फोटोशॉपसोबत येणाऱ्या अडोबीच्या कॅमेरा रॉमध्ये २०२१ पासून सुपर रेझोल्यूशन आहे, ते रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट करतं. फुकट हवं असेल तर कॉम्प्युटरवर चालणारं ‘अपस्केल’ (Upscayl) नावाचं सॉफ्टवेअर आहे. साडीचे काठ, दागिने, झाडांची पानं यांवर ही मंडळी सुरेख काम करतात.

चेहऱ्यावर मात्र जपून. वय झालेल्या माणसांच्या चेहऱ्यावर एआय दोनपैकी एक करतं: सुरकुत्या पुसून कातडी प्लास्टिकसारखी करतं, नाहीतर डोळ्यांचा आकार किंचित बदलतं. परक्याला ते कळणार नाही, पण घरच्यांना लगेच काहीतरी खटकतं. ज्या चेहऱ्यांसाठी हा सगळा खटाटोप, तेच बदलले तर काय उपयोग? म्हणून मी फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन लेयर, म्हणजे एकावर एक थर, ठेवते. खाली एआयनं दुप्पट केलेला, वर बायक्युबिकनं तेवढाच केलेला, आणि वरच्याला मास्क (नको तो भाग झाकणारा पडदा) लावून फक्त चेहरे आणि हात ठेवते. त्या वरच्या थराची ऑपॅसिटी, म्हणजे तो किती ठळक दिसतो ते, निम्म्याच्या वर राहिली पाहिजे. शेवटी सगळ्यावर अगदी हलकं ग्रेन (बारीक दाणे) टाकलं की दोन्हींचा पोत एकजीव होतो. चारपट वगैरेच्या मोहात पडू नका, दुप्पट पुरे. क्रमही सांभाळा: आधी नॉइज (फोटोतले नकोसे ठिपके) कमी करायचा, मग मोठं करायचं, आणि शार्पनिंग (कडा धारदार करणं) सर्वांत शेवटी, पूर्ण मापावर. उलटं केलं तर नॉइजचे ठिपकेही मोठे आणि धारदार होतात. मधल्या पायऱ्यांना जेपीजी न करता टिफमध्ये (TIFF) सेव्ह करा, जेपीजीत दर वेळी फाइल दाबली जाते.

आणि मोठा प्रिंट काढण्याआधी हे नक्की करा. मोठ्या केलेल्या फाइलमधून चेहऱ्यांचा ४ × ६ इंचांचा तुकडा कापा. २० × ३० ची दुप्पट केलेली फाइल असेल तर तो साधारण १०७५ × १६१३ पिक्सेलचा होईल. तो साध्या ४ × ६ प्रिंटसारखा काढून घ्या आणि ‘ऑटो करेक्शन करू नका’ असं लॅबला सांगा. घरी भिंतीवर जिथे फ्रेम येणार तिथे तो चिकटवा आणि सोफ्यावर बसून बघा. मोठ्या प्रिंटमध्ये चेहरे नेमके असेच दिसणार आहेत. उजेडाचा अंदाजही इथेच येतो, कारण स्क्रीनवर लख्ख दिसणारा फोटो कागदावर बहुतेक वेळा गडद येतो. तसा आला तर फाइल थोडी उजळ करून परत एक तुकडा काढा. खर्च किरकोळ असतो.

कागद मॅट घ्या, किंवा कॅनव्हास. ग्लॉसीवर प्रत्येक उणीव उठून दिसते. फ्लेक्स घरात नको.

मूळ फाइल कुठेच सापडली नाही तर त्याच १२०० × १६०० च्या फाइलचा १२ × १६ इंच प्रिंट करा, इंचाला १०० पिक्सेल येतील. तो मॅट कागदावर घेऊन फ्रेमवाल्याकडून चारही बाजूंना ४ इंचांचा पांढरा माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून घ्या. फ्रेम २० × २४ ची होते, भिंत भरते आणि तीन फुटांवरून फोटो स्वच्छ दिसतो.