गोळीचा त्रास आधी, गुण मागून

*“माई, मी ३१ वर्षांची. राहते चोडणला, नोकरी पणजीत. चार महिने झोप नव्हती, उगाच रडू यायचं, छातीत धडधडायचं. शेवटी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवलं. सकाळी एस्सिटॅलोप्रॅम १० आणि रात्री क्लोनाझेपामची अर्धी गोळी दिली. आज अठरावा दिवस. गुण काही नाही, उलट मळमळ, घाम, सारख्या जांभया. फेरीबोटीत उभं राहवत नाही. सासूबाई म्हणतात ही वेड्यांची औषधं, जन्माची सवय लागेल, शिवाय फुगशील. सोडून देऊ का? आणखी एक गोष्ट आहे, पण ती लिहिता येत नाही.”*

बाये, आपल्या मनाने सोडू नकोस. अठराव्या दिवशी तर नकोच, कारण त्रासाचे दिवस बहुतेक भोगून झालेत आणि गुणाचे अजून यायचेत. सकाळच्या गोळीसारख्या, नैराश्य आणि घबराटीवरच्या औषधांची रीतच अशी उलटी आहे. मी डॉक्टर नव्हे, पण ह्या वाटेने स्वतः गेले आहे.

तू चोडणची, म्हणजे खाजनातली मानस, खाडीकाठच्या शेताचं पाण्याचं दार, तुला माहीत असणार. ओहोटीला मानशीचं दार उघडतं आणि शेतातलं पाणी खाडीत ओढलं जातं. मेंदूतल्या दोन पेशींच्या मधल्या फटीतही असंच काहीसं चालतं. एक पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडते आणि काम झालं की परत ओढून घेते. तुझी सकाळची गोळी ते परत ओढण्याचं दार अडवून धरते. पाणी त्याच दिवशी साचतं, पण भात काही त्याच दिवशी उभं राहत नाही ना? पेशींना त्या बदलाशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. म्हणून गुण दिसायला दोन ते सहा आठवडे धरायचे. (सेरोटोनिन कमी पडलं म्हणून आजार झाला, असं मात्र कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. गोष्ट इतकी सरळ नाही.)

आणि मळमळ का? शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नाही, आतड्यात असतं. गोळीला पोट आणि डोकं वेगळं कळत नाही. बहुतेकांची मळमळ एक-दोन आठवड्यांत ओसरते, तुझी थोडी रेंगाळली आहे. रिकाम्या पोटी घेत असशील तर पेज किंवा पोळी खाऊन घे. तरी नाही थांबली तर वेळ बदलावी का, हे डॉक्टरांना विचार.

सवयीचं म्हणशील, तर सासूबाईंचा बाण भलत्याच गोळीला लागलाय. सवय लावणारी आहे ती रात्रीची अर्धी. ती पटकन शांत करते, म्हणूनच सहसा थोड्याच दिवसांसाठी देतात. किती दिवस घ्यायची आणि कमी कशी करायची, हे आत्ताच विचारून ठेव. ती घेत असताना दारू नको. उर्राकाचा मोसम असला, घरचीच असली, तरी नको. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. सकाळी सुस्ती वाटली तर स्कूटर काढू नकोस.

सकाळच्या गोळीची तशी चटक लागत नाही, पण ती एकदम तोडलेलीही तिला खपत नाही. माझंच सांगते. नऊ महिने घेतली, छान वाटू लागलं आणि चतुर्थीच्या धांदलीत आपणच बंद केली. तिसऱ्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधताना मान वर केली आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं झालं. मग चक्कर, चिडचिड, भलती स्वप्नं. मला वाटलं आजार परतला. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गोळी पुन्हा सुरू केली आणि पुढे महिनोन्‌महिने थोडी थोडी कमी करत सोडवली. तुझंही बरं वाटल्यावर सहा ते नऊ महिने तरी चालू ठेवायला सांगतील, मग उतरवतील.

वजनाचं भय ओलांझापीन किंवा मिर्टाझापीन ह्या दुसऱ्या औषधांच्या बाबतीत जास्त खरं. तुझ्या गोळीने सहसा फार वाढत नाही. महिन्यातून एकदा काट्यावर उभी राहा, रोज नको.

आता ती न लिहिलेली गोष्ट. चुकत असेन तर सोडून दे, पण माझा अंदाज आहे की नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही, किंवा जाऊनही काही जाणवत नाही. ह्या औषधांचा हा अगदी नेहमीचा परिणाम आहे, आणि बायकांना तो कुणी विचारत नाही. आजारानेही इच्छा मरते, त्यामुळे दोष कुणाचा हे आधी पाहावं लागतं. मळमळीसारखा हा बहुधा आपोआप जात नाही, म्हणून गप्प बसून उपयोग नाही. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. गोळी बंद झाल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेव. मी तसंच केलं होतं. नवऱ्यालाही सांग, नाहीतर तो स्वतःलाच दोष देत बसेल.

सासूबाईंना पटवायच्या फंदात आत्ता पडू नकोस. तेवढी ताकद तुझ्यात सध्या नाही.

एवढं मात्र ध्यानात ठेव. जीव नकोसा वाटू लागला, एका जागी बसवेना इतकी तगमग झाली, किंवा उलट झोपेशिवायच भलता हुरूप आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस, सरळ बांबोळीला जा. रात्री-अपरात्री टेलिमानस ह्या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा नंबर लागतो, पैसे पडत नाहीत. पहिल्या आठवड्यांत अशा विचारांवर लक्ष ठेवायचंच असतं, पंचविशीच्या आतल्यांवर तर जास्तच. हा नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही घालून ठेव.

— माई