‘ड्राइंग रेट’ला मराठीत काय म्हणायचं? वाळणं, सुकणं आणि सादळणं

ओळखीतल्या एका ताईंचा बचत गट सोलर ड्रायरमध्ये कांद्याचे काप वाळवतो. गटातल्या बायकांसाठी त्यांना मराठीत एक पान लिहायचंय, त्यात ‘ड्राइंग रेट’ काढायची रीत द्यायचीय, आणि त्या विचारतायत की याला वाळण्याचा दर म्हणू, सुकण्याचा वेग म्हणू, की कुठेतरी वाचलं तसं ‘शुष्कन दर’?

शुष्कन तर नकोच. ‘शुष्क’चं प्राकृतात ‘सुक्क’ झालं आणि त्यातूनच आपलं सुकणं आलं, मग घरात रुळलेला शब्द सोडून परत मागे कशाला जायचं.

वाळणं की सुकणं यावर मात्र लोक हमरीतुमरीवर येतात, कारण मुंबई-कोकणाकडे कपडे सुकतात आणि देशावर वाळतात. मला यात एक बारीक फरक जाणवतो. फूल सुकतं, चेहरा सुकतो, बाहेर राहिलेली कोथिंबीर सुकते, म्हणजे आपण काही न करता टवटवी जाते. वाळवण मात्र आपण मुद्दाम घालतो, दोन उन्हं दाखवतो, उलटतो, आणि हाताला खडखडीत लागलं की वाळलं म्हणतो. सुकं खोबरं, सुकी मासळी या नियमात बसत नाहीत हे मान्य, आणि कोकणातला गट असता तर मी सुकवणंच लिहा म्हटलं असतं. पण ताई नाशिककडच्या आहेत, त्यांनी बेलाशक वाळणं लिहावं.

आता दर की वेग? बोलताना ‘वाळण्याचा वेग’ बरं, कारण ‘कांदा वाळवण्याचा दर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी मजुरी आठवते. पण हिशोबात मला दरच आवडतो, कारण ‘दर तासाला’ मधला दर त्यातच बसलाय आणि तो लगेच विचारायला लावतो की दर कशाला? इथे दर तासाला, ट्रेच्या दर चौरस मीटरला, किती पाणी उडालं. हे तीन आकडे नसतील तर नुसता ‘वेग’ लिहून काही कळत नाही.

समजा २ चौरस मीटर ट्रेवर ५ किलो काप पसरले आणि तासाने वजन ४.६ किलो भरलं. ४०० ग्रॅम गेलं, म्हणजे दर चौरस मीटरला तासाला २०० ग्रॅम. काप धुतलेले असतील तर आधी नीट निथळू द्या आणि मग पहिलं वजन घ्या, कारण निथळणं म्हणजे पाणी थेंबाथेंबाने गळणं आणि वाळणं म्हणजे त्याची वाफ होऊन हवेत जाणं, दोन्ही एकात मोजलं की पहिल्या तासाचा आकडा उगाच फुगतो.

खरी गोची होते ती टक्क्यांत. या ५ किलोत ८६ टक्के पाणी धरलं तर कोरडा ऐवज ७०० ग्रॅम. पहिले ४०० ग्रॅम गेल्यावर ओलावा ८६ वरून जेमतेम ८४.८ टक्क्यांवर येतो, पण पुढे वजन १४०० वरून १००० ग्रॅमवर आलं की तेवढंच पाणी जाऊनही ओलावा ५० वरून ३० वर! बघणाऱ्याला वाटतं शेवटी माल झपाट्याने वाळला. हे ओल्या वजनावरचे टक्के, यात भागायचं वजनच दर वेळी बदलतं. म्हणून हिशोब कोरड्या वजनावर करा, पाण्याला त्या न बदलणाऱ्या ७०० ने भागा, मग दोन्ही वेळा घट सारखीच येते, ०.५७. ताईंच्या पानावर ‘ओल्या वजनावर’ आणि ‘कोरड्या वजनावर’ हे शब्द ठळक हवेत, बाकी काही राहिलं तरी चालेल.

शिवाय हा दर दिवसभर एकसारखा राहत नाही. वरचा पृष्ठभाग ओला असतो तोवर ऊन-वारा तोच असला तर दरही जवळपास तोच. मग आतलं पाणी हळूहळू वर यायला लागतं आणि दर उतरत जातो. पहिल्याला एकसारखा टप्पा म्हणा आणि दुसऱ्याला रेंगाळता टप्पा. सुरुवातीलाच फार तापवलं तर वर पापडी धरते आणि आतली ओल अडकते, कुरडया करणाऱ्या कुठल्याही बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि आर्द्रता हा शब्द हवेसाठी राखून ठेवा, मालाचा तो ओलावा. कारण दमट हवेत उघडा राहिलेला वाळलेला कांदा हवेतलं पाणी परत ओढून घेतो, वजन वाढतं, दर चक्क उणे येतो, आणि त्या उणे दराला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे: सादळणं. पावसाळ्यात पापडाचा डबा नीट लागला नाही की होतं तेच. पानात तोही घाला ताई, पॅकिंग कधी करायचं ते त्या एका शब्दाने कळेल.