‘ॲन्थोटाइप’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे की, फुलापानांचा रस कागदाला लावून उन्हात जे चित्र तयार करतात, त्या ‘ॲन्थोटाइप’ला मराठीत ‘पुष्पछायाचित्र’ म्हणावे का, आणि ते कागदावर ‘उमटते’ असे लिहिणे बरोबर आहे का.

‘पुष्प’ हे पद मूळ ग्रीक शब्दाला धरून आहे, कारण ‘अँथोस’ म्हणजे फूल आणि ‘टायपोस’ म्हणजे ठसा. तरीही मराठी वाचक या सामासिक शब्दाचा विग्रह ‘पुष्पाचे छायाचित्र’ असाच करील आणि त्याच्या डोळ्यांसमोर एखाद्या फुलाचा फोटो येईल. शिवाय बिटाच्या किंवा पालकाच्या रसावरही अशी चित्रे होतात; त्यांत फूल नसतेच. म्हणून ‘पुष्प’ऐवजी ‘रस’ हे पद मला अधिक नेमके वाटते.

‘छायाचित्र’ हे उत्तरपद मात्र मुळीच सोडू नये. ‘फोटोग्राफ’ म्हणजे प्रकाशाने काढलेले चित्र, मग मराठीने त्यासाठी छाया का पत्करली, ही शंका अनेकांना येते. या प्रकारात तर चित्र राखते ती छायाच. पूर्वीच्या फोटोंसाठी वापरला जाणारा चांदीच्या क्षारांचा कागद उजेड लागेल तेथे काळवंडतो, रसाचा कागद उजेड लागेल तेथे फिका पडतो. बिटाच्या रसाचे दोन-तीन हात देऊन अंधारात वाळवलेल्या कागदावर नेच्याचे पान ठेवले, वर काच दाबली आणि तो कित्येक दिवस, प्रसंगी काही आठवडे, उन्हात ठेवला, की पान उचलल्यावर त्याच्या सावलीपुरता तांबडा रंग शिल्लक दिसतो. पानाची कड जेथे कागदापासून किंचित उचललेली असेल, तेथे आत उजेड शिरून रेषा पुसट झालेली असते.

यावरून ‘उमटणे’ येथे का खटकते ते कळेल. पाऊल उमटते, वळ उमटतो. म्हणजे आधी नसलेले काही दिसू लागते. येथे उलट असलेला रंग नाहीसा होत जातो. ‘रंग जाणे’ म्हटले की धुण्यात निघून जाणारा रंग आठवतो आणि ‘उडणे’ फार व्यापक आहे. उन्हाने हळूहळू ओसरणाऱ्या रंगासाठी ‘विटणे’ हे आपले जुने, सुंदर क्रियापद मला सर्वांत योग्य वाटते. भोवतालचा रंग विटतो आणि चित्र उरते, असे लिहावे.

‘चित्र स्थिर केले’ हा प्रयोगही येथे टाळावा. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी वनस्पतींच्या रंगांवर सूर्यप्रकाशाचा काय परिणाम होतो, याविषयीचे आपले प्रयोग 1842 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. चांदीचे क्षार विरघळवण्याचा ‘हायपो’ (सोडियम थायोसल्फेट) या रसायनाचा गुण ओळखणारेही तेच, 1819 मध्ये. चांदीच्या छायाचित्रात उजेड न लागलेले क्षार हायपोने धुऊन काढले की चित्र टिकते; रसाच्या चित्रात मात्र उजेड न लागलेला रंग हेच चित्र असल्यामुळे धुऊन काढण्याजोगे काही राहतच नाही. असे चित्र अंधारात जपता येते. उजेडात ठेवले की विटण्याची क्रिया पुढे चालूच राहते.

आता लेखनाविषयी. ऱ्हस्व स्वरापुढे ‘छ’ आला की संस्कृत संधिनियमाने ‘च्छ’ होतो. ‘अर्थच्छटा’ आपण याच नियमाने लिहितो. त्यामुळे शब्द ‘रसच्छायाचित्र’ असा होईल. तो उच्चारायला थोडा जड आहे, पण अर्थाला चोख आहे, म्हणून मी तोच सुचवीन. कागदाऐवजी थेट हिरव्या पानावर पारदर्शक चित्र ठेवून, उन्हाने त्यातील हरितद्रव्य विटवून जे चित्र मिळवतात, त्याला हा शब्द वापरू नये, कारण तेथे रस काढलेलाच नसतो. त्याला ‘पर्णच्छायाचित्र’ म्हणता येईल.