खुनी कोण ते सोडून बाकी सगळं सांग

प्रिय मुली,

तुझा अभिप्राय मिळाला. ‘मस्त पुस्तक, एका बैठकीत संपवलं, शेवट अनपेक्षित, नक्की वाचा.’ ह्यातला शेवटाचा तुकडा काढला तर बाकीचे तीन लोणच्यांच्या पुस्तकालाही चालतील. रागावू नकोस. लायब्ररीच्या टेबलामागे पंचवीस वर्षं बसून मी हेच ऐकलं, आणि त्यावरून पुढच्या सभासदाला ते पुस्तक द्यावं की नाही हे मला एकदाही ठरवता आलं नाही. एक बाई मात्र पुस्तक टेबलावर आपटून म्हणायच्या, “खून झालाय हे विसरायलाच होतं हो, नुसतं खाणं चाललंय!” त्यांनी शिव्या घातलेली पुस्तकं सर्वांत जास्त फिरायची. कित्येकांना ते खाणंच हवं असायचं.

तुझ्या ह्या कोझी मिस्ट्रींची, म्हणजे उबदार रहस्यकथांची, गंमतच ती आहे. खून पाहिजे, पण रक्त नको. लहानसं गाव, एकमेकांना ओळखणारी माणसं, पोलिसांपेक्षा चौकस एखादी आजी, आणि शेवटी घडी पुन्हा नीट बसलेली. मुडदा आणि माणसं एकाच रजईत. म्हणून मी मत बनवताना आधी एवढंच बघते: जो मेला त्याचं पुस्तकात कुणाला काही वाटतं का?

जेसी सुतांतोची व्हेरा वाँग घे (पहिलं पुस्तक 2023चं). साठीची बाई, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये तिचं चहाचं ओस पडलेलं दुकान. एका सकाळी खाली येते तर दुकानात अनोळखी माणूस मरून पडलेला, हातात पेनड्राइव्ह. ही बया मार्करनं प्रेताभोवती रेघ ओढून ठेवते, पोलिसांचं काम सोपं व्हावं म्हणून, आणि पेनड्राइव्ह मात्र स्वतः लांबवते. तिथं मी मोठ्यानं हसले. पुढं ती संशयितांनाच गोळा करून जेवायला घालते, त्यांची लग्नं, नोकऱ्या, पोरंबाळं मार्गी लावायला बघते. छान चाललेलं असतं. पण मेलेला माणूस इतका नालायक रंगवलाय की त्याच्या जाण्यानं सगळ्यांचं भलंच होतं. पंधरा दिवसांनी मला टेबलावरचे पदार्थ आठवत होते, त्याचं नाव आठवेना. हे असंच लिही. ‘पात्रचित्रण कमी पडतं’ असं लिहू नकोस, त्यानं कुणाचं पोट भरत नाही.

आता रिचर्ड ऑस्मनचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (2020). इंग्लंडमधल्या केंटची निवृत्तांची वसाहत, चार ज्येष्ठ नागरिक दर गुरुवारी जिगसॉ रूममध्ये जमून जुने न सुटलेले खून चघळतात. खोलीचं बुकिंग मात्र ‘जपानी ऑपेरा : एक चर्चा’ ह्या नावानं, म्हणजे कुणी आत डोकावायला नको! पण त्या जुन्या खुनांच्या फायली आल्या कुठून? पेनी नावाच्या मैत्रिणीकडून. ती पोलिसात होती, आता त्याच वसाहतीच्या शुश्रूषागृहात बेशुद्ध पडून आहे, आणि त्या चौघांतली एलिझाबेथ तिच्या उशाशी बसून तिला चालू तपासाची हकिगत सांगत राहते. उत्तर येत नाही. तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. एलिझाबेथच्या नवऱ्याची स्मृती हळूहळू जातेय, तेही तसंच, आवाज न करता लिहिलंय. कोडं म्हणून विचारशील तर शेवटाकडे इतकी गुपितं एकावर एक फुटतात की कुणी काय का केलं हे मला पाठकोऱ्या कागदावर मांडून बघावं लागलं. दोन्ही लिही. म्हातारपण जमलंय, कोडं सैल आहे. एकामुळे दुसरं झाकू नकोस. आणि 2025मध्ये त्यावर आलेला सिनेमा बघून पुस्तकावर बोलू नकोस, कळतं ते.

जॅनिस हॅलेटचं ‘द अपील’ (2021) तुला आवडलं नाही, ‘सारखे ईमेलच आहेत’ म्हणून. अगं, ईमेल आणि मेसेज आहेत हेच तर पुस्तक. हौशी नाटकमंडळी, तालमीच्या वेळा, कुणाच्या मुलीच्या उपचारांसाठी वर्गणी, त्यात मानापमान. राज्य नाट्य स्पर्धेच्या एका तरी संघात वावरलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. आमच्या इमारतीच्या गणेशोत्सवाचा ग्रुप तर ह्याहून भयंकर आहे. खून कुणाचा झाला हेसुद्धा बराच काळ कळत नाही. पुन्हा वाचताना कोण किती मेल लिहितं ह्यापेक्षा कुणाचे मेल आपल्याला वाचायलाच मिळत नाहीत, इकडे लक्ष दे. मग कंटाळा आला तर खुशाल तसं लिही, पण कितव्या पानावर आला ते सांग.

सुजाता मॅसीचं ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (2018) कोझीत बसतं का, ह्यावर तू वाद घातलास. माझ्या मते अर्धंच बसतं. 1921ची मुंबई, पडदानशीन, परक्या पुरुषांसमोर न येणाऱ्या विधवा, आणि त्यांच्याशी बोलू शकणारी एकमेव वकील परवीन मिस्त्री. हे पात्र ज्यांच्यावरून सुचलं त्यांतल्या एक कॉर्नेलिया सोराबजी, 1866मध्ये आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या महिला. पण परवीनच्या कलकत्त्याच्या सासरची प्रकरणं, पाळीच्या दिवसांत तिला वेगळ्या खोलीत कोंडतात ती, ह्यांत ऊब कुठली? मला तीच पानं खुनापेक्षा जड वाटली. पुस्तकाला चुकीच्या फळीवर ठेवलं की वाचकही चिडतो आणि पुस्तकही वाया जातं, म्हणून हे आधीच सांगून टाक.

आणि ‘मी पन्नासाव्या पानावरच ओळखलं’ हे वाक्य तेवढं गाळ. ती तुझी बढाई झाली. लेखकानं दुवे समोर ठेवले होते की ऐन वेळी खिशातून काढले, ते सांग.

एकदा एका रहस्यकादंबरीच्या सुरुवातीला, पात्रांच्या यादीत, कुणीतरी एका नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ‘हाच!’ लिहिलं होतं. मी खोडरबरानं खोडलं, पण दाबून लिहिलेलं. तिरप्या उजेडात दिसायचंच. पुस्तक मी कपाटात मागे सारलं. आठेक महिन्यांनी एका आजोबांनी हट्टानं ते नेलं, आणि परत करताना चष्मा पुसत म्हणाले, “काकू, तो नाहीये हो.”

‘द अपील’ मंगळवारपर्यंत तुझ्याकडेच राहू दे.

तुझी,
लायब्ररीतली काकू